भूक लागायला सवडच नाही

बाळ पीत नव्हतं आणि बाळाचं वजन वाढत होतं. या दोन वाक्यांचा मेळ कुणी घालून दाखवावा, त्याचे पाय धरू! धाकटीने तो घालता घालता डोक्याचा पार भुगा करून घेतला होता.

घर बेकरीवाल्यांचं. खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, त्यामागे भट्टी, आणि वर राहायच्या खोल्या. भट्टीला लागून एक लहानशी उबेची खोली होती. तिथे लाकडी फळ्यांवर पिठाचे गोळे फुगत ठेवायचे. सगळ्या घरात तेवढीच जागा उबदार आणि बिनवाऱ्याची, म्हणून बाळाचा पाळणाही तिथेच एका कोपऱ्यात आणून ठेवला होता. पिठाच्या गोळ्यांशेजारी झोपतो, आणि दिसायलाही तसाच पांढरा आणि मऊ, म्हणून त्याला सगळे गोळाच म्हणायला लागले. खरं नाव ठेवायचं अजून कुणाला सुचलंच नव्हतं.

धाकटीचा नवरा पहाटेपासून पीठ मळायचा. मोठी जाऊ, म्हणजे थोरली, बिस्किटं आणि केक बघायची. सासूबाई गल्ल्यावर बसायच्या, आणि गिऱ्हाइकाला पावापेक्षा सल्ले जास्त द्यायच्या. धाकटीच्या हातात पावाला आकार द्यायची कला होती, पण सध्या ते काम बंद होतं. सध्या तिला एकच काम दिलेलं होतं: गोळ्याला पाजायचं. आणि नेमकं तेवढंच तिला जमत नव्हतं.

सुरुवातीला तिची छाती दगडासारखी झाली. मग चिरा पडल्या. गोळा तोंड लावायचा, दोनदा ओढायचा आणि मान फिरवून असा काही भोकाड पसरायचा की दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मांडी घालून बस." थोरली म्हणायची, "आडवी हो, आडवी होऊनच पितात." माहेरहून आईचा फोन यायचा, "भरपूर पाणी पी." सासूबाईंचं म्हणणं, जास्त पाणी प्यायलं की दूध पातळ होतं. थोरलीचं म्हणणं, डावीकडून सुरू कर. आईचं म्हणणं, उजवीकडून. नवऱ्याला काही म्हणणं नव्हतं. तो दारात उभा राहून पिठाचे हात पुसत "जमेल गं, जमेल" एवढंच म्हणायचा, आणि धाकटीला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

बरं, हे सगळं एकांतात झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण तिने गोळ्याला मांडीवर घेतलं रे घेतलं की सासूबाई आणि थोरली हजर! एक खुर्चीवर, एक दाराला टेकून. "पितोय ना?" "ओढतोय का?" "गाल हलतोय का बघ." परीक्षेच्या हॉलमध्ये असतात तशा दोन पर्यवेक्षिका. त्यांच्यासमोर पोरगं रडून काळंनिळं व्हायचं, आणि धाकटीला वाटायचं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग तिने एक युक्ती काढली. युक्ती कसली, लाज झाकायची धडपड. पावडरच्या दुधाचा एक डबा गुपचूप आणला आणि कपाटात जुन्या स्वेटरांच्या खाली दडवला. पाजायची वेळ आली की ती गोळ्याला घेऊन आधी बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची आणि बाटलीने त्याला चार घोट पाजायची. मग बाहेर येऊन खुर्चीत बसायची आणि त्याला छातीशी धरायची. पोटात थोडं गेल्यामुळे गोळा गप्प पडून राहायचा. तोंड लावलेलं, डोळे मिटलेले. निदान दिसायला तरी पितोय! पर्यवेक्षिका माना हलवायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि निघून जायच्या. धाकटी सुटकेचा निःश्वास टाकायची आणि मग एकटीच रडायची.

कारण तिला पक्कं ठाऊक होतं की तो पीत नाही. गिळल्याचा आवाज नाही, गालाची हालचाल नाही, काही नाही. आणि तिची छाती, जी आधी दगड झाली होती, ती आता दिवसेंदिवस रिकाम्या पिशवीसारखी होत चालली होती. चार घोटांवर कुणाचं पोट भरतं? पोर वाळणार, आणि मग सगळं उघडं पडणार. दवाखान्यात वजन करायचा दिवस जवळ आला तशी तिची भूक उडाली.

दवाखान्यात नर्सने गोळ्याला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि तोंड भरून हसली. "अरे वा! काय गुटगुटीत झालाय! दूध उत्तम आहे हं तुमचं."

धाकटी बघतच राहिली. "काटा बरोबर आहे ना?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे... तो पीत नाही हो."

"प्रत्येक आईला असंच वाटतं," नर्स म्हणाली आणि तिने पुढच्या बाळाला हाक मारली.

घरी येताना धाकटीची मती गुंग झाली. वजन वाढलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याच्या पाठोपाठ अंगावर काटा आला. पोरगं हवेवर वाढतंय का? की आपल्यालाच काही कळत नाही? दूध येतंय आणि आपल्याला जाणवत नाही, असं होतं का? की पावडरचे चार घोट एवढे गुणकारी असतात? तिने डब्यावरची बारीक अक्षरं पुन्हा वाचली. तिथेही उत्तर नव्हतं. दुसरं म्हणजे, गोळ्याचे लंगोटही कपडे धुणाऱ्याचा जीव काढतील इतके भिजत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येतंय? तिने रात्रंदिवस स्वतःच्या मनाला कामाला लावलं आणि मन शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबलं: पोर कसंही वाढो, त्याला आपण नको आहोत. आपल्या अंगाला तोंड लावलं की तो मान फिरवतो. जगातल्या कुठल्याही बाळाला आई हवी असते, याला नको आहे. हे ती कुणाला सांगणार?

एका दुपारी ती वरच्या खोलीत झोपली होती. जाग आली तर छाती भरून आलेली, कपडे ओले! कितीतरी दिवसांनी असं झालं होतं. ती धडपडत उठली. आज बाथरूम नको, बाटली नको, आज सरळ त्याला घ्यायचा. केस तसेच, चपला उलट्यासुलट्या, अशी ती जिना उतरली आणि उबेच्या खोलीचं दार तिने ढकललं.

आत पिठाच्या पोत्यावर थोरली बसली होती. तिच्या छातीला गोळा लागलेला होता. थोरलीची मुलगी चालायला-बोलायला लागली होती, तरी अजून अधूनमधून आईच्या अंगावर प्यायची, त्यामुळे थोरलीला दूध होतं. आणि गोळा पीत होता. एक हात थोरलीच्या अंगावर पसरलेला, गाल आतबाहेर होत होता, आणि घशातून आवाज येत होता. घट्. घट्. घट्. हा आवाज धाकटीने त्याच्याकडून कधी ऐकलाच नव्हता.

तिला संताप आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली तिसरंच काहीतरी होतं ज्याने तिचा सगळ्यात जास्त गोंधळ उडाला: गोळा किती छान पितोय, हे तिथेच उभं राहून बघत राहावंसं वाटत होतं.

थोरलीने मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं... तू झोपली होतीस. तो रडायला लागला गं."

"मग मला उठवायचं!"

"उठवून काय केलं असतंस?" थोरली बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

धाकटी काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. शालीआड वाटी-चमचा. "थोरले, जरा बाजूला हो, मी त्याला तेवढं—" असं म्हणत त्यांनी समोर पाहिलं. तिथे एक सून पाजतेय आणि दुसरी सून दगडासारखी उभी! सासूबाईंनी वाटी पुन्हा शालीत सारायचा प्रयत्न केला. दूध सांडलं.

"आई," धाकटी म्हणाली, "त्या वाटीत काय आहे?"

"कशात?" सासूबाई म्हणाल्या. वाटी हातात, दूध पायांवर, आणि म्हणे कशात!

आणि मग, यावर कडी म्हणजे, भट्टीच्या बाजूच्या दारातून नवरा आला. अंगावर पिठाने माखलेला एप्रन, आणि एप्रनच्या खिशातून बाटलीचं तोंड बाहेर डोकावतंय. तो आत आला, त्याने तिघींकडे पाहिलं आणि आल्या पावली मागे वळला.

"थांब," धाकटी म्हणाली. तो थांबला.

"मी फक्त पहाटे देतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "कामाला लागायच्या आधी. आणि कधीमधी या वेळेला. तू दमलेली असतेस ना गं, म्हणून..."

"तू पहाटे देतोस?" सासूबाई ओरडल्या. "मेल्या, मग मी सकाळी चमच्याने घालते ते?"

"तुम्ही सकाळी घालता?" थोरली म्हणाली. "मग मी आंघोळीनंतर अंगावर पाजते ते?"

इथे या घराची एक खोड सांगायला हवी. या बेकरीत 'मीठ घातलंस का?' असं कुणी कुणाला विचारत नसे. विचारणं म्हणजे समोरच्याला बिनडोक म्हणणं. सासऱ्यांनी हयातभर हाच धडा दिला होता: विचारू नका, दिसलं की करा. म्हणून मग अधूनमधून अख्खी भट्टीच्या भट्टी खारट निघायची. दोघांनी मीठ घातलेलं असायचं, आणि दोघंही कानावर हात ठेवायचे. तीच माणसं ही. एक गरीब बिचारी सून, दूध नाही तिला, बोललं तर मनाला लागेल. आपण गुपचूप दोन घोट द्यावेत आणि गप्प बसावं. तिघांनीही असाच विचार केला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की या घरात माया फक्त आपल्यालाच.

धाकटीचा मात्र आता बांध फुटला. "माझ्या पाठीमागे! तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या पोराला—"

"मिळून कुठे?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "मिळून केलं असतं तर एवढा घोळ झाला असता का?"

"मला वाटायचं त्याला मीच नको आहे! मी त्याला जवळ घेते आणि तो तोंड फिरवतो. मी रोज मरतेय इथे, आणि तुम्ही त्याचं पोट आधीच तट्ट भरून ठेवताय!"

पोट भरल्यामुळे गोळ्याने थोरलीला सोडून दिलं आणि तो खुशाल झोपी गेला. नवऱ्याने मान खाली घातली. मग सासूबाईंनी हळूच तोंड उघडलं. त्या म्हातारीला एक कोडं सुटत नव्हतं, आणि कोडं सुटेपर्यंत गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पण काय गं," त्या म्हणाल्या, "आम्ही बघायला यायचो तेव्हा तो गुमान पडलेला असायचा. तू खुर्चीत घेऊन बसायचीस ती वेळ तर आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. तेव्हा तो उपाशीच असणार. मग रडायचा का नाही? ते बघूनच मला वाटायचं, पोरात ओढायची ताकद राहिली नाही."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. खरं तर तिचं काही बिघडलं नसतं. तिघंही चोर सापडलेले, तीच एकटी साव. गप्प बसली असती तर आयुष्यभर तिघांना धारेवर धरता आलं असतं. स्वेटरांच्या खाली कोण बघतंय? पण तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मीपण देते," ती म्हणाली.

"काय देतेस?"

"बाटली. बाथरूममध्ये. तुम्ही बघायला यायच्या आधी. तो तुमच्यासमोर रडू नये म्हणून."

थोरलीच्या पोटातून एक हसू वर आलं, ते तिने दाबलं, ते दुप्पट होऊन बाहेर आलं. सासूबाई हसता हसता पोत्यावर बसल्या. नवरा म्हणाला, "अरे देवा! या बिचाऱ्याला भूक लागायला सवड तरी दिली का आपण?" आणि धाकटी हसायला गेली ती रडायलाच लागली, आणि तिचं तिलाच कळेना आपण नक्की काय करतोय.

दवाखान्यात पुन्हा जाऊन तिने सगळं सांगितलं तेव्हा नर्स आधी खाली बसली. "चौघं?" तिने विचारलं. मग तिने सांगितलं ते सोपं होतं. भूक लागली की आधी आई. दूध कमी झालंय, ते लगेच वाढणार नाही, म्हणून नंतर लागेल तेवढं वरचं द्यायचं, पण वाटीने, आणि एकाच्याच हातून. वजन बघायला लवकर परत यायचं.

"पण त्याला भूक लागली हे कळणार कसं?" धाकटीने विचारलं.

"सांगेल की तो," नर्स म्हणाली.

पावडरचे डबे सगळे सासूबाईंच्या ताब्यात गेले. ज्यांचे होते त्यांनी आपापले आणून टेबलावर ठेवले तेव्हा कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना. सासूबाईंनी ठरवून टाकलं: धाकटी हाक मारेल तेव्हाच वाटी येईल, तोवर वाटी नाही. खोलीत बघायलाही कुणी जायचं नाही.

आणि आता धाकटीला खरी भीती वाटायला लागली. कालपर्यंत निदान सबब तरी होती. तो पीत नव्हता कारण त्याचं पोट भरलेलं होतं. आता पोट रिकामं होणार. रिकाम्या पोटीही त्याने मान फिरवली तर? मग कुणाला दोष देणार? थोरलीकडे कसा प्यायला होता! आपल्याकडे नाहीच आला तर? ती पाळण्याशेजारी बसून राहिली. गोळा झोपला होता. फळ्यांवर पीठ फुगत होतं. तो लवकर उठावा असंही वाटत होतं आणि उठूच नये असंही. बाहेर दुकानात सासूबाई गिऱ्हाइकाला पाव द्यायचा सोडून पैसेच दोनदा मागत होत्या.

मग गोळा उठला. आधी कुरकुरला. एरवी एवढ्यात कुणीतरी धावलेलं असायचं. आज कुणी आलं नाही. त्याने जरा वाट पाहिली आणि मग त्याने असा टाहो फोडला, असा की भट्टीपुढची माणसं हातातलं टाकून धावली.

"पोट दुखतंय त्याचं!" सासूबाई दारातून ओरडल्या. "हे रडणं नेहमीचं नाही!"

"काही चावलं का? कपडे काढून बघ," थोरली म्हणाली.

"डॉक्टरांना फोन लावू का?" नवऱ्याने फोन काढलासुद्धा. "असा कधीच रडला नव्हता तो. काय झालंय त्याला?"

धाकटीही घाबरली. तिने त्याला उचललं. कपाळ गरम नाही, पोट मऊ, लंगोट कोरडा. काय झालंय याला? तिला काही म्हणता काही सुचेना. तो लालभडक झाला होता, मुठी आवळल्या होत्या, आणि तोंड उघडं टाकून मान इकडून तिकडे आपटत होता. तिच्या दंडाला तोंड लागलं तर त्याने दंड चोखला. सोडला. ओरडला. बाही चोखली.

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "भूक लागलीय त्याला."

नवऱ्याने फोन खिशात टाकला. त्या घरात गोळ्याची भूक तोवर कुणी पाहिलीच नव्हती, मग ओळखणार कुठून!

"जा," धाकटी म्हणाली. "सगळे जा. दार लावून घ्या."

ती पिठाच्या पोत्यावर बसली. बटणं निघेनात. त्याला धरलं तर तो इतका चवताळलेला की तोंडात घेईना, घेतलं की सोडी, सोडलं की किंचाळे. तिने डावी बाजू केली, मग उजवी, मग पुन्हा डावी. 'नको आहे त्याला,' मन म्हणालं. बाहेर हाक मारावी, वाटी मागवावी, सुटावं एकदाचं. तोंडापर्यंत हाक आली होती. "अरे, आहे रे, इथेच आहे, कुठे शोधतोस मेल्या," ती रडत रडत म्हणाली आणि तिने त्याला पुन्हा जवळ ओढला. त्याने चांगला आ वासला, आणि लागला तो. दुखलं, डोळ्यांपुढे तारे चमकले. तिने दात आवळून धरले. तो ओढत राहिला, ओढत राहिला, काही येईना. आणि मग छातीत आतून काहीतरी टोचल्यासारखं होऊन सैल झालं.

घट्.

ती श्वास रोखून बसली. घट्. घट्. त्याची मूठ उघडली आणि हात तिच्या अंगावर पडला.

बऱ्याच वेळाने दार बोटभर उघडलं. सासूबाईंच्या हातात वाटी होती, पण त्या उंबऱ्यापलीकडेच उभ्या होत्या. गोळा झोपला होता, ओठांच्या कडेला दुधाचा ओघळ. धाकटीचं तोंड रडून सुजलेलं, केस पिंजारलेले, पाठ ताठलेली.

"प्यायला?" सासूबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"प्यायला."

"पोट भरलं का गं त्याचं?"

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. गाल बघितला, पोट बघितलं. तिला काहीच कळत नव्हतं. पण पहिल्यांदाच न कळण्याची भीती वाटत नव्हती.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "नसेल भरलं तर रडेल की. मी आहे इथे."